किणयेच्या अलीकडे

कणकुंबीच्या खाली, डांबरी सोडून,
काजूच्या कुंपणातून वाकून जावं लागे.
पाटी नव्हती. एक टायर टांगलेलं,
त्यावर चुन्याचा पंजा उठवलेला,
एवढ्यावर ओळखायचं, दुलबा भंडाऱ्याचं खोपट.

दुलबा पहाटे भेरली माडावर चढे,
कमरेला कोयती, पाठीवर भोपळा,
आणि उतरताना कुणाशी बोलत नसे.
‘ती ऐकत असते,’ म्हणे, ‘बोललं की लवकर आंबते.’
आम्ही हसायचो. पण हळू.

नऊ वाजता माडी पोरसवदा, गोड,
दातांना नुसती शिवून जाणारी.
बाराला तिला कंठ फुटायचा,
भोपळ्याच्या तोंडाशी फेस येऊन कुजबुजायचा.
चारनंतर भांडखोर.
दिवेलागणीला जो पिईल तो आपल्या जबाबदारीवर.

मी वीज खात्याचा मीटर वाचणारा माणूस,
आकडा सोडून कशावर माझा भरवसा नव्हता,
तरी नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो:
चौदा मार्च, साडेदहा. किंचित पेरूचा वास.
दोन एप्रिल, एक वाजता. ताकासारखी, पण ताकाला लाजवील अशी.
एकोणीस एप्रिल. रात्री वळीव झालेला. पातळ. दुलबा गप्प.

बाकडी दोन. दुसऱ्याचा एक पाय आखूड,
त्याच्यावर तुक्काप्पा घाडी,
बैल विकून आला काय नि घेऊन आला काय,
तसाच डुलत.
फॉरेस्ट गार्ड इराण्णा टोपी उलटी ठेवून बसे,
म्हणजे ड्युटीवर नाही.
शिव्या कानडीत, हिशेब मराठीत,
आणि शेवटचा पेला मागताना
कुठून कुणास ठाऊक, कोंकणी.
सावत्राबाई चुलीतला सुका बांगडा
पानावर दोनदा आपटायची, राख झडावी म्हणून.
‘मीठ?’
‘बांगड्यात हाय की ओ.’

नियम एकच होता तिथं:
न्यायची नाही. किणयेच्या अलीकडंच प्यायची.
‘पलीकडं गेली की ती माझी न्हवं,’ दुलबा म्हणायचा.

मी नेली एकदा. बेळगावच्या साहेबाला दाखवायला,
सरबताच्या बाटलीत, बूच ठोकून, टॉवेलात गुंडाळून.
जांबोटीपर्यंत मांडीवर शहाण्यासारखी बसली.
कुसमळीच्या पुलावर टॉवेल गरम लागला.
किणयेच्या स्टॉपला गाडीनं ब्रेक मारला
आणि बूच उडून थेट टपाला,
फेस कंडक्टरच्या खांद्यावर, तिकिटांच्या गठ्ठ्यावर,
एका लग्नघरच्या करवलीच्या केळवणाच्या साडीवर.
गाडी चिडीचूप.
कंडक्टरनं बोट चाटलं, थोडा विचार केला,
‘छलो ऐती,’ म्हणाला,
आणि बाटलीचं हाफ तिकीट फाडून माझ्या हातात दिलं.
ते अजून आहे. चिकट.

आता दुलबा नाही.
त्याच्या रामलिंगाचं दुकान पिरनवाडीला,
फ्रीज आहे, निळा दिवा आहे, बिल मिळतं.
मागच्या उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन उरकून
मी काठी टेकत त्याच्या काउंटरशी उभा.
‘काका, ही घ्या,’ म्हणाला, ‘कुठंबी न्या. तशीच राहते.’
तशीच राहिली. परवा बघितली.

त्याच आठवड्यात कणकुंबीला गेलो.
कुंपणातून वाकता येईना,
तर सावत्राबाईनं काजूची फांदी वर धरली,
माझ्याहून म्हातारी ती, आणि रागावलेली:
‘इतक्या वर्सांनी काय आठवण झाली ओ?’
माड उभ्या उभ्या वाळलेला. फुलून झालं की तो वाळतोच,
त्यात कुणाचा दोष नाही.
खुंटीवरचा भोपळा तिनं काढून दिला,
मी नाक घातलं, वही उघडली:

आठ मे, सव्वाअकरा. कोरडा.
पेरू, अगदी थोडा. धूर. माणसाचा हात.

‘आत मुंग्या हैत, झटकून घ्या,’ ती म्हणाली.
उलटा केला. दोनच पडल्या,
आणि त्याही, शपथेवर सांगतो,
सरळ चालत नव्हत्या.