मिळून आला नाही

शाळेच्या रिक्षाला बॅज पाहिजे,
बॅजला चारित्र्याचा दाखला.
खिडकीपलीकडच्या बाईंनी स्क्रीन बघितली,
चहा खाली ठेवला, परत बघितली.
"मगदूम, तुमच्या नावावर वॉरंट हाय.
अठ्ठ्याण्णव सालचं."

मला आधी आठवली ती चप्पल.
कापशी, दुहेरी तळाची,
चालताना अशी करकरायची
की गल्लीतली कुत्री वाट सोडायची.
उद्यमनगरातल्या फौंड्रीतनं
गनमेटलचे अकरा बुश
शाळेच्या चड्डीच्या खिशातनं मी आणलेले,
रोज एक, शनिवारी दोन.
लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्यानं तीनशे चाळीस दिले.
सगळे पायात घातले.
हवालदाराला शोधावं लागलंच नाही,
तो नुसता आवाजामागनं आला.

तारीख होती सोमवारची.
रविवारी रात्री तात्यांनी मला निपाणीच्या गाडीत बसवलं,
मामाच्या तंबाखूच्या वखारीत.
खिडकीतनं म्हणाले, "पत्र घालू नको."
पोलीस तीनदा घरी आले, तीनदा चहा पिऊन गेले,
आणि कागदावर लिहिलं :
सदर मुलगा मिळून आला नाही.

तीन वर्षांनी मी आलो की परत!
त्याच गल्लीत, त्याच दारात.
लग्न केलं, रेशनकार्डावर चढलो,
सहा वेळा बोटाला शाई लावली,
रोज संध्याकाळी गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेला धरला.
चौकीसमोरनं रिक्षा नेली,
हवालदारांची पोरं शाळेत सोडली.
मिळून आलो नाही.

लोंढे वकिलांना विचारलं,
"साहेब, वॉरंट कधी मरतं का?"
ते हसले नाहीत.
"दूध नासतं. गुळाला पाणी सुटतं.
पॉलिसी लॅप्स होते.
वॉरंटवर जन्माची तारीख असते,
मरणाची जागाच छापलेली नाही.
कोर्टानं रद्द करावं, नाही तर तुला धरून न्यावं.
तोवर ते जागं."

मग चष्मा पुसत म्हणाले,
आणि ह्या बोलण्यावर मी दोन रात्री कुशी बदलल्या :
"तेव्हा गेला असतास, तर मॅजिस्ट्रेटनं झापलं असतं,
फार तर चार महिने रिमांड होम.
मग कागद फाडले असते.
पोराचा गुन्हा पोराच्या मागं लागू नये,
कायदाच तसा आहे.
पण तुझा निकालच नाही लागला.
पुसणार काय?"

म्हणजे माझ्याबरोबर पकडलेला रामू कातवरे,
जो गेला, रडला, महिनाभर तिथली आमटी प्याला,
तो कधीच सुटला.
मी पळालो, म्हणून आत आहे.

तात्या असते तर सांगितलं नसतं त्यांना.

आणि गंमत बघा,
एक्केचाळिसाव्या वर्षी मला पाठवलं
बाल न्याय मंडळापुढं.
गुन्हा पंधराव्या वर्षीचा, म्हणून मी पंधराचाच.
भिंतीवर रंगवलेले ससे,
बाक एवढा बुटका की गुडघे छातीला लागले.
कारकुनानं फॉर्म पुढं केला. पालकाचं नाव?
मी पेन धरून बसलो.
त्यानं वर बघितलं, मान खाली घातली,
स्वतःच तिथं एक रेघ ओढली.

शेजारी एक पोरगं, ओठावर नुकती लव,
मोबाईल चोरलेला म्हणे.
नखं कुरतडत म्हणालं,
"काका, तुम्ही कुणाबरोबर आलाय?"

खिशात शेंगदाण्याच्या वडीचा तुकडा होता,
रिक्षातल्या रडणाऱ्या पोरांसाठी ठेवतो तो.
त्याला दिला.
अर्धा मोडून त्यानं मलाच परत दिला.

आतनं पुकारा झाला,
"सुकुमार भूपाल मगदूम, वय वर्षे पंधरा."

पायात आज रबरी सँडल, मुकी.
उठलो तसे गुडघे करकरले,
सगळ्या बाकांनी वळून बघितलं.