गळालेली ओळ

डुलूथच्या तळघरात, यंत्राच्या उबेला
ऑर्विल टेंगब्लाड रात्र रात्र टंकायचा
लेखक मरून शतक उलटलेली पुस्तकं.
यंत्राला लहान लिपी येत नव्हती;
कुजबुजसुद्धा कॅपिटलात ओरडायची.

“याचे पैसे कोण देतं?” बहीण विचारायची.
तो बटाटे सोलत राहायचा.

सतराव्या वर्षी पुंता अरेनासहून
एका जहाजी आचाऱ्याचं कार्ड आलं:
नवव्या प्रकरणात म्हातारी दार उघडते
ते कुणाला?
तुमची एक ओळ गळलीय, साहेब.

उणे तीस. मिशीत बर्फ.
वाचनालय उघडायला अजून दोन तास,
आणि ऑर्विल पायरीवर, हात काखेत,
काचेला कान लावून –

आत कुठल्याशा कपाटात
कुणीतरी केव्हाचं
दार वाजवतंय.