रात्रपाळीचा तक्ता

दर पाळीला सहा रकाने.
गोंधळलेला. चिडखोर. आरडाओरडा.
तोंडी धमकी. अंगावर धाव. वस्तूंची फेकाफेक.
असेल तर एक, नसेल तर शून्य,
बेरीज खाली, सही तिच्याही खाली.
दोनच्या वर गेली की डॉक्टर जमदाडेंना फोन.
ते तिसऱ्या रिंगला उचलतात
आणि आधी खोकतात.

अकरा नंबर, भिकाजी तांडेल, माहुल.
आमच्या कागदावर वय बेचाळीस, कोर्टाच्या कागदावर सदतीस.
गेल्या महिन्यात त्याने माझा चष्मा फोडला.
मी वस्तूंमध्ये एक लिहिला,
खोडला, अंगावरमध्ये लिहिला,
मग दोन्हींत.
चष्मा तेव्हा माझ्या नाकावरच होता.

कामेरकर मामा तक्ता बघत नाहीत.
म्हणतात, सिस्टर, कान बघा.
कान लाल झाले की दहा मिनिटं हातात आहेत.
सव्वीस वर्षं ते असंच मोजतायत.
त्यांच्या दंडावर दातांचे दोन अर्धगोल आहेत,
म्हणजे एकदा तरी
केस आडवे आले असणार.

एका रात्री वॉर्ड झोपला होता,
म्हणजे सतरा जण झोपले होते आणि एक जण भिंतीशी बोलत होता,
तेव्हा मी तीन महिन्यांचे तक्ते जमिनीवर पसरले.
भिकाजीचे सगळे एक
पावणेआठच्या आसपास. सकाळचे, रात्रीचे.
पाळी बदलते तेव्हा.
आम्ही कमरेचा जुडगा सोडून
एकमेकींच्या हातात देतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यांना क्रेप बँडेज गुंडाळलं,
मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तसं.
शेवंता हसली. म्हणाली, हिलाही ॲडमिट करा.

एकोणीस रात्री शून्य.
राउंडला डॉक्टरांनी पान उलटलं,
नव्या गोळीपुढे लिहिलं, गुण आहे.
मी बँडेजचं बोलले नाही.
स्टोअरला हिशेब द्यावा लागला असता, हे एक,
आणि काय लिहिणार होते ते,
दिवसातून दोनदा?

विसाव्या दिवशी त्याचा भाऊ यायचा होता.
आला नाही.
संध्याकाळी भिकाजीने कपाळ आपटलं गजावर, चार वेळा,
न ओरडता, मोजून, खिळा ठोकावा तसं.
मी सहाही रकाने वाचले.
दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याला धमकी, दुसऱ्याच्या वस्तू.
त्याचं स्वतःचं कपाळ कुठेच बसेना.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात. टाके तीन.

रात्री दोनला तो उठून बसला.
खिडकीत रिफायनरीची ज्योत हलत होती,
तिच्याकडे पाठ करून माझ्या पेनकडे बघत होता.

"किती?"

भाऊच्या धक्क्यावर पाटीचा भाव विचारतात
तसं विचारलं.

"शून्य."

"मंग फुकटच गेलो ना," म्हणाला,
आणि हसला, टाक्यांना ताण पडेपर्यंत.

मामा स्टुलावरून उठले,
टॉर्च लावला,
आधी डावा कान पाहिला, मग उजवा.