दोन मात्रा

दर्यादौलत ब्रास बँड, वेसावे. पाटी अजून आहे,
फक्त 'दौलत'वर गॅसवाल्याचा नंबर चिकटवलाय.
तालमीची खोली बर्फाच्या कारखान्यामागे.
तिथे आता थर्माकोलच्या पेट्या राहतात
आणि एक बास. माझं लग्न मोडलं त्या साली
त्याच्या तोंडात मांजर व्यायली होती.

पहिली वाद्यं आणली धर्मा नाखव्याने,
पलटणीच्या लिलावातून, पापलेटच्या एका चांगल्या हंगामावर.
सात पितळी भांडी, बायको म्हणाली,
आणि एकातही आंबट शिजायचं नाही.
शिकवायला चिंबईहून इनास मास्तर यायचा,
चर्चमध्ये कॉर्नेट वाजवणारा, पायात एकच मोजा.
कागदावरची काळी टिंबं कुणाला वाचता येईनात
तेव्हा त्याने वलांडीवर बोंबील टांगले.
वरच्या काठीवरचा उंच सूर, खालच्या काठीवरचा खर्ज,
जोडीने टांगलेले ते झटपट.
आमचे बापजादे संगीत असे वासावरून शिकले.

खारी हवा पितळ खाते.
बायका चिंच आणि राख घेऊन घासायला बसायच्या,
शिव्या देत, पण घासायच्या.
एका ट्रम्पेटचं भोक होडीच्या डांबराने बुजवलं,
म्हणून त्याचा मध्यम कायम घसा बसल्यासारखा.

हळदीला वाजवलं, नारळी पुनवेला वाजवलं,
मढच्या किरिस्तावांच्या मयताला वाजवलं, हळू, चपला काढून.
वहीत सगळं आहे: बिदागी बावीस रुपये,
अधिक ताडी, वजा ढोलाचं फाटलेलं कातडं.
एका पानावर नुसतंच: 'बिल्डरचं भूमिपूजन. गेलो नाय.'
पुढच्या पानावर: 'गेलो.'

त्याच्या बरंच आधीचं एक पान भिजून वाळलेलं.
पोशा चिखले, पहिला ट्रम्पेट.
वादळाच्या तिसऱ्या दिवशी बोट परतली, तो नाही.
दहा दिवसांनी लग्न होतं, मांडव पडलेला,
मुलीकडचे गोराईहून निघालेले.
बँड उभा राहिला.
वरातीच्या चालीत पोशा जिथे एकटाच वर चढायचा,
दोनच मात्रा,
तिथे कुणी वाजवलं नाही.
ठरलं नव्हतं.
दोन मात्रा खाडीचं पाणी ऐकू आलं.
मग ढोल.

चाल तशीच वाजत राहिली.
त्या जागेवर लोकांनी आपापलं काहीबाही ठेवलं:
पोरं उडी मारतात, मामा टोपी उडवतो,
नवरी हटकून वर बघते.
विचाराल तर सांगतात, चालच तशी आहे.

माझ्या हाती काठ्या आल्या त्या भाऊ कुवेतला गेला म्हणून.
बाबा सांगायचा, ताल चुकला तरी चालंल, पोरी,
जागा नको भरू.
कुणाची, ते मी विचारलं नाही.
वही सापडली तेव्हा बाबा नव्हता.

परवा हरेश्वरच्या पोराच्या हळदीला बँजो पार्टी आणली,
कीबोर्ड, चाकांच्या गाडीवर स्पीकर.
वाजवणारा पोरगा हुशार. आमची चाल
मोबाइलवर ऐकून उचललेली,
आणि जिथे काही नव्हतं तिथे
त्याने एक छोटासा तुकडा बसवला.
छानच होता, खोटं का बोलू.
अख्खी आळी उडी मारायला वर गेली
आणि हवेतच अडखळली.
चांगुणीचा, पोशाच्या बायकोचा, पाय चुकला. ती हसली.
बराच वेळ हसत राहिली,
मग तिला खुर्ची द्यावी लागली.

मी पोराला गाठलं. सांगणार होते सगळं,
बोंबील, डांबर, ते भिजलेलं पान.
त्याच्या कपाळावर हळद लागली होती, घामाने ओघळत होती.
म्हटलं, मधलं ते दोन मात्रांचं काढ रे.
मावशी, तिथं काहीच नाहीये ओ मूळ गाण्यात.
म्हटलं, हो. तेच वाजव.

त्याने मान हलवली,
आणि कुठलीतरी वायर शोधायला वाकला.