शिवलेलं पान

अभिलेखागाराच्या दाराला कुलूप, कुलपावर कागद,
कागदावर ‘पुढील आदेशापर्यंत’.
आदेश कुणाचा, ते पावसानं धुऊन नेलंय.

शिपाई अस्वले पायरीवर शेंगा सोलत बसलेले.
म्हणाले, पंचगंगा आत शिरली हुती, बाई.
मोडीचे रुमाल गच्चीत वाळत घातल्यात.
वर बघितलं:
तांबड्या कापडांच्या रांगा, दगड ठेवून दाबलेल्या,
कुणाकुणाचे चुलते, पणजे, खापरपणजे
उन्हात पालथे.

आणि उघडं असतं तरी, अस्वले म्हणाले,
टाकलेल्या बायकांचं रजिस्टर
असं कुणालाबी दावत न्हाईत.
वारस असल्याचा दाखला लागतो.
आणि दाखल्याला काय लागतं?
त्यांनी एक शेंग माझ्या हातावर ठेवली.
दाखल्याला ते रजिस्टर लागतंय.

सीपीआरच्या वॉर्डात माझी आत्त्या, अनसाक्का.
नळी हातात, नजर दारात.
आठ दिवस एकच हाक:
गोदाक्का, दार उघड गं. भिजलोय आम्ही.
आमच्या घरात कुणी गोदाक्का नाही.
वडलांना विचारलं,
तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी गूळबाजारात काट्यावर पावत्या फाडते.
रव्याच्या वजनातून गोणपाट किती वजा करायचं
ते मला डोळे मिटून सांगता येतं.
घरातून माणूस वजा करतात
त्याची पावती कुठं असते?

सुगी सरता सरता हेळवी आला.
बसलिंगाप्पा, गोकाकच्या पल्याडचा.
आजा बैलावर बसून यायचा, हा स्प्लेंडरवर,
पण बैलाची घंटा हँडलला बांधलेली.
वडणग्याच्या घरी सोप्यात बसला,
चोपडी कपाळाला लावली आणि सुरू झाला:
मूळ गाव, देवक,
रामजीला तिघं, मधला निपुत्रिक,
थोरल्याला सुबाना, सुबानाला आप्पा...
माझ्या आज्यापाशी आला
आणि आवाज घशातच ठेवला.
पान उलटलं. ते एक नव्हतं. दोन पानं,
कडेनं तांबड्या दोऱ्यानं शिवलेली.

हे तुमच्या भावकीनं बांधून घेतलंय, म्हणाला.
माझ्या आज्याला त्यासाठी एक कालवड दिलती.
उसवायचं तर पाची घरचं मीठ लागतंय.
आमच्या घरचं मी देते, म्हणाले.
लेकीचं मीठ चालत नाही, असं सांगताना
त्याला लाज वाटली. हे मी लिहून ठेवते.

तरी उरलेल्या घरांत गेले.
एका चुलतीनं मीठ दिलं, वाटीसकट.
एका घरात नुसता चहा.
तिसऱ्या दारात म्हातारा खाटेवरून म्हणाला,
कोण गोदा? आमाला कोण गोदा म्हाईत न्हाई.
मी नाव घेतलंच नव्हतं.
चौथ्या घरी गेले नाही.

परत आले तेव्हा बसलिंगाप्पा हातपाय धुवायला उठला
आणि चोपडी माझ्यापुढं ठेवून गेला.
बराच वेळ लावला त्यानं.
टाके मोजले, एकवीस.
पान उन्हाला धरलं. शाई पाठीमागून उमटली,
मोडी, तीही उलटी.
मला तर सुलटीही येत नाही.
पिशवीत कात्री होती, गोण्यांचे टाके कापायची.
ती पिशवीतच राहिली. का, ते विचारू नका.

निघताना घंटेवरची धूळ पुसत तो म्हणाला,
दोरा सुती आहे, बाई. सुताला वय असतंय.
पुढल्या सुगीला येतो.

रात्री आत्त्याच्या उशाशी बसून
गुळाच्या कोऱ्या पावतीवर लिहिलं:
गोदा. पुढं आडनाव आमचंच.
वजनाचा रकाना मोकळा.
तेवढ्यात आत्त्यानं हाक मारली.
मी उठले,
आणि वॉर्डाचं दार, जे उघडंच होतं,
आधी लावलं,
मग उघडलं.