अठरा बोल्ट

दार बाहेरून लागतं.
हे मी दर वेळी सांगतो, इंग्रजीत, पाठ केलेलं,
आणि दर वेळी कोणीतरी हसतं,
विमानातल्या सूचनांना हसावं तसं.

फुजैराच्या धक्क्यावर पहाटेच शर्ट पाठीला चिकटलेला.
मग चार तास बाहेर, खोल पाण्यावर.
पाणबुडीत तिघं: चालवणारा हॅमिश,
मस्कतचे एक सराफ, आणि त्यांचा जावई,
गुडघे पोटाशी घेऊन, हात हलवत.
मी पाना फिरवतो. एक इकडचा, एक समोरचा,
देवगडला बाबा लाँचचं इंजिन आवळायचे तसं.
अठरावा बसला की आतला आवाज संपतो.
ओठ हलतात. मी अंगठा दाखवतो.

खाली काय आहे मला माहीत नाही.
मला थर्मोकोलचा कप माहीत आहे.
त्यावर ‘शाल्मली’ लिहून जाळीत बांधला होता.
वर आला तो बोटाच्या पेराएवढा,
जोडाक्षरासकट शाबूत.
सगळीकडून सारखं दाबलं, म्हणून टिकला.
सारखं नसेल तिथे
केसभर पुरे.

सव्वाअकराला यायचा तो शब्द आला नाही.
साडेअकरालाही नाही.
यंत्रात नुसती खरखर, तळणीत पाणी पडल्यासारखी.
जहाजावर कोणी कोणाकडे बघेना.
कुकने चहा केला. तो तसाच राहिला.

दिवेलागणीला टँकरांच्या रांगेपलीकडे
पिवळी पाठ दिसली, लाटेत बुडत, निघत.
गावी म्हणतात, वर आला तो वाचला.
इथे वर येऊनही
हवेच्या चार बोटं अलीकडे माणूस गुदमरतो.

पाना मनगटाला बांधून मी होडीतून गेलो.
काचेवर जावयाचा तळहात आपटत होता,
काहीच ऐकू येत नव्हतं.
अकराव्या बोल्टला माझ्या हातात गोळा आला.
शिव्या घातल्या, कोणाला ते आठवत नाही.
मग फुस्स, आणि वास:
घाम, ओकारी, संत्र्याची साल.
सराफांनी माझं मनगट धरलं, पान्यासकट,
आणि सोडेचनात.

रात्री खोलीत कुंजुमोन कडी लावतो.
तो घोरायला लागला की मी उठून काढतो.
सकाळी कुरकुरतो, सगळा एसी बाहेर गेला म्हणे.
जाऊ दे.