अंगठ्याएवढा संकासूर

फोन टेकवलाय आगळाच्या बाटलीला,
मागे ड्रॉइंगचा कागद, वाकवून,
खिडकीला मच्छरदाणीचा तुकडा –
वेंगुर्ल्याचं दुपारचं ऊन त्यातून
जरा नरमून येतं.

संकासूर काळा.
फोनला काळं कळत नाही,
तो त्याला राखाडी करून टाकतो.
बोटानं उजेड खाली ओढला
तेव्हा कुठे लाल जीभ पेटली.

टायमर लावून श्वास धरला. तीन, दोन –
खालून मासळीचा टेम्पो गेला, टेबल हललं.
पुन्हा.

मोठा करून पाहिला:
कपाळावर माझ्याच ब्रशाचा एक केस,
डाव्या डोळ्यातून ओघळलेला रंग.
महिनाभर हातात होता, दिसलं नव्हतं.

चिमटा उचलला. परत ठेवला.
रात्रभर नाचल्यावर
कुणाचं तोंड धड राहतं?